गिटारचा आवाज आणि विजेचीं उपकरणें

गतवर्षीं आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत एका विद्यार्थ्याचें गिटारवादन ठेविलें होतें. त्याच्या वडिलांनीं कित्येक महिने पैसे बाजूस टाकून त्यास नानाविध आवाज काढणारें एक पेडल घेऊन दिलें होतें, आणि आईवडील दोघेंही पहिल्या रांगेंत येऊन बसलीं होतीं. परंतु वादन सुरू होतांच स्पीकरांतून जो आवाज आला तो पत्र्यावर तार घासावी तसा कोरडा व कर्कश. खर्जाच्या तारा जणूं गिटारला नव्हत्याच! आवाज भरदार यावा म्हणून बटणें चढविलीं, तों स्पीकर घोंगावूं लागला. मुलगा गोंधळला आणि गत अर्धवट टाकून उठला. दोष त्याच्या बोटांचा नव्हता आणि गिटारचाही नव्हता. चुकली होती ती उपकरणांची निवड. असा प्रसंग दुसऱ्या कोणावर येऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेख.

लांकडी गिटारची तार स्वतः फारच थोडा आवाज करिते. तारेचें कंपन घोडीवाटे पोकळ पेटीच्या तबलीस पोंचतें आणि तबली हवा हालविते. तंबोऱ्याचा भोपळा व तबली हेंच काम करितात. मोठ्या सभागृहांत हा आवाज पुरत नाहीं, म्हणून घोडीवरील पट्टीच्या खालीं ‘पिकअप’ बसवितात. दाब पडला असतां कांहीं स्फटिकांत वीज उत्पन्न होते, हा शोध पिएर व झाक क्यूरी या फ्रेंच बंधूंनीं १८८० सालीं लाविला. पट्टीखालचे बहुतेक पिकअप याच तत्त्वावर चालतात.

आतां मुख्य मुद्दा असा, कीं या पिकअपमधून निघणारी वीज अतिशय नाजूक असते. बारीक झऱ्यावर मोट चालत नाहीं. तेथें वाटीवाटीनेंच पाणी घ्यावें लागतें. तसेंच येथें आहे. पुढील उपकरणानें वीज फार ओढली, तर आवाजाचा खर्ज प्रथम नाहींसा होतो. उपकरण वीज किती कमी ओढतें, हें त्याच्या ‘इनपुट इंपीडन्स’ या आंकड्यावरून समजतें. आंकडा जितका मोठा तितकें ओढणें कमी. एक उदाहरण घेऊं. पिकअपची विद्युतधारकता १००० पिकोफॅरड धरली, आणि पुढील उपकरणाचा आंकडा १० लक्ष ओहम, म्हणजे १ मेगओहम असला, तर सेकंदास सुमारें १६० कंपनांच्या खालचा आवाज उतरत जातो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ८२ असतात. अर्थात् तिचा पाया दुबळा होणारच. तोच आंकडा १० मेगओहम असला, तर ही मर्यादा १६ कंपनांवर येते आणि संपूर्ण गिटार सुखरूप राहते. आमच्या विद्यार्थ्याचें पेडल विजेच्या गिटारसाठीं बनविलेलें होतें. लोहचुंबकी पिकअपला पुरणारा त्याचा आंकडा या पिकअपला अपुरा पडला.

यावर उपाय म्हणजे ‘प्रीअँप’. तो नाजूक वीज हलक्या हातानें घेतो व पुढें सशक्त करून देतो. ज्या गिटारच्या कडेवर बटणें व बॅटरीची डबी असते, तिच्यांत प्रीअँप मुळांतच असतो. ती थेट पुढें जोडावी. मात्र वादन संपतांच केबल काढून ठेवावी, नाहीं तर बॅटरी उगाच खर्ची पडते. इतर गिटारसाठीं वेगळा प्रीअँप घेतांना चार गोष्टी पाहाव्या: इनपुटचा आंकडा निदान १ मेगओहम, शक्य तर अधिक असावा, खर्ज, मध्य व तार हे भाग निरनिराळे कमीजास्त करतां यावे, घोंगावणारा एकच स्वर छाटणारा ‘नॉच फिल्टर’ असावा, आणि लांब केबलींतूनही खरखर न येऊं देणारें ‘डी. आय.’ निर्गमद्वार असावें. नमुन्यादाखल सांगावयाचें, तर एल. आर. बॅग्ज यांच्या ‘पॅरा अकूस्टिक डी. आय.’ या प्रीअँपमध्यें हे चारही गुण असून तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा मिक्सरकडून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चालतो. तोच घ्यावा असें नव्हे. गुण मात्र हेच पाहावे.

घोंगावण्याचें कारणही समजून घ्यावें. स्पीकरचा आवाज तबलीस हालवितो, तबली पिकअपला, पिकअप पुन्हां स्पीकरला. असें हें चक्र वाढतच जातें. गिटारच्या पेटींतील हवा साधारणपणें १०० कंपनांच्या आसपास घुमते, म्हणून खर्जाचें बटण अविचारानें चढवूं नये. स्पीकरच्या तोंडासमोर बसूं नये. पेटीच्या भोंकांत रबराची चकती बसविल्यानेंही पुष्कळ आराम पडतो.

एवढें साधल्यावर मग पेडलांचा विचार करावा. ‘रिव्हर्ब’ सभागृहाचा घुमारा देतें. परंतु ज्या दिवाणखान्याच्या दगडी भिंती आधींच घुमतात, तेथें तें बंद ठेवावें हेंच उत्तम. ‘डिले’ म्हणजे प्रतिध्वनि. ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो, म्हणून १७ मीटरवरील भिंतीवरून तो एक दशांश सेकंदांत परततो. पेडल हेंच काम भिंतीवांचून करितें. मिनिटास १२० मात्रांची लय असल्यास अर्ध्या सेकंदाचा डिले तालांत बसतो. ‘कोरस’ एका गिटारच्या दोन भासवितें, आणि ‘कंप्रेसर’ लहानमोठे आघात सारखे करितें. पण फार वापरल्यास वादनांतील जीवच जातो. क्रम साधारणपणें असा ठेवावा: प्रथम प्रीअँप, मग कंप्रेसर, कोरस, डिले व शेवटीं रिव्हर्ब. पेडलास वीज देणाऱ्या अडॅप्टरचे व्होल्ट व धन-ऋण टोंकें तपासल्यावांचून तो जोडूं नये; पेडल जळण्यास तेवढें निमित्त पुरतें.

पालकांस एक विनंती. दुकानांत जातांना मुलाची स्वतःचीच गिटार बरोबर न्यावी. मुलानें वाजवावें आणि आपण दहा पावलें दूर पाठ फिरवून ऐकावें. उपकरण चालू असतां आवाज निराळा वाटला, एवढ्यानें भुलूं नये. घरीं ऐकलेली तीच गिटार मोठी होऊन ऐकूं येते काय, हें पाहावें. पैसे थोडे असतील, तर प्रथम प्रीअँप, मग चांगली केबल; पेडल पुढील वर्षीं घेतलें तरी चालेल.

त्या विद्यार्थ्याची हकीकत पुरी करावयाची राहिली. संमेलनानंतर आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें आपला जुना प्रीअँप आणून दिला. शनिवारीं त्याच सभागृहांत, त्याच स्पीकरवर, त्याच मुलानें राहिलेली गत पुरी केली. ऐकावयास आम्ही दहाबारा जणच होतों; पण त्यांत त्याचे वडील होते. पेडल त्या दिवशीं पिशवींतच राहिलें.