किडनी दुखत नाही, म्हणूनच तपासायची

बेळगाव : दिवसभर शेतात राबून कंबर धरली, गुडघे दुखू लागले की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, चहाबरोबर घ्यायच्या आणि सकाळी पुन्हा कामाला लागायचे. बऱ्याच घरांत हेच चालते. एखाद्या गोळीने धडधाकट माणसाचे सहसा काही बिघडत नाही. पण रोजची सवय झाली आणि त्यात शुगर किंवा बीपी असले, तर भार पडतो तो किडनीवर.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या टोकाजवळ, मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. प्रत्येकीत सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या. अंगात रक्त जेमतेम ५ लिटर, पण तेच फिरून फिरून येत असल्याने दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात जमा होतो. बाहेर जाते ती दीड-दोन लिटर लघवी. शिवाय बीपी सांभाळणे, नवे रक्त तयार करण्याचा निरोप देणे, हाडांसाठी ‘ड’ जीवनसत्त्व कामाचे करणे, हेही किडनीच करते.

वर्षानुवर्षे वाढलेली शुगर आणि बीपी या गाळण्यांच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. उन्हात घाम गाळून अंगातले पाणी कमी झालेले असताना हीच गोळी घेतली, तर धोका आणखी वाढतो.

अडचण अशी, की किडनीचे निम्मे काम बंद पडले तरी माणसाला पत्ता लागत नाही. पायावर सूज, लघवीला फेस, सतत थकवा, भूक मरणे ही लक्षणे बहुतेक वेळा उशिरा दिसतात. कंबर दुखते म्हणजे किडनी गेली असेही नाही. ते दुखणे बहुतेकदा स्नायूंचे किंवा मणक्याचे असते.

म्हणून शुगर किंवा बीपी असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी दोन तपासण्या कराव्यात : रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने. क्रिएटिनिन सुरुवातीला नॉर्मल दिसू शकते, त्यामुळे लघवीची तपासणी टाळू नये. बीपीची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मनाने बंद करू नये. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आत असावे. लोणचे, पापडही त्यातच धरायचे. तहानेप्रमाणे पाणी प्यावे. मात्र किडनीचा आजार आधीच असेल, तर किती प्यायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

किडनी पूर्ण निकामी झाली, तर सहसा आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिसवर काढावे लागतात. मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचाही दिवस जातो. त्यापेक्षा पुढच्या वेळी शुगर तपासायला जाल, तेव्हा या दोन तपासण्याही सांगून या.