विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे लंडन

नेरळच्या स्टेशनावर रोज दोन तऱ्हेची माणसे उतरतात. एक माथेरान पाहायला आलेला पाहुणा आणि दुसरा इथला रहिवासी. पाहुणा मोटार ठरवतो, दस्तुरीपाशी प्रवासी कर भरतो, पुढे घोडा करतो आणि वर हॉटेलात उतरतो. इथला माणूस उन्हे चढायच्या आत पायवाट धरतो आणि फडक्यात बांधलेली भाकरी वर झाडाखाली बसून खातो. पॅनोरमा पॉइंटावरून दिसणारे खोरे दोघांना एकच दिसते. खर्चात मात्र दहापटीचे अंतर पडते. इथला माणूस काही कंजूष नसतो. पाहुण्यांसाठी मांडलेल्या गोष्टींचा भाव वेगळा आणि गावच्या रोजच्या वापरातल्या गोष्टींचा भाव वेगळा, एवढे त्याला ठाऊक असते.

युरोपातल्या मोठ्या शहरांची रीतही याहून फार निराळी नाही. आपल्या भागातला एखादा होतकरू मुलगा किंवा मुलगी शिक्षकांना विचारते, ‘सर, परदेशातली शहरे म्हणजे श्रीमंतांचीच कामे ना?’ या प्रश्नाला होय किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्यासाठी हिशेबच मांडून पाहावा लागतो. आज आपण लंडन शहर घेऊन तो हिशेब मांडू या. लंडनच का, तर थोड्या पैशांत लंडनला राहून शिकलेल्या एका मराठी विद्यार्थ्याची हकीकत आपल्यापुढे आहे.

ते विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेत गेले आणि १९१६ साली लंडनला आले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. पुढे मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात त्यांच्या तिथल्या जेवणाचे वर्णन आहे. सकाळी चहा, पावाचा तुकडा, थोडा मुरंबा आणि माशाची लहानशी फोड. दुपारचे जेवण बहुधा नाहीच. रात्री बोव्हरील नावाचे मांसार्काचे गरम पेय, बिस्किटे आणि ओळखीच्या माणसाने दिलेले पापड. दिवस जाई तो ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रंथालयात, इंडिया ऑफिसच्या आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयांत. १९२१ साली त्यांनी एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी मिळवली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध याच वाचनातून उभा राहिला.

या हकीकतीतून दोन गोष्टी निघतात, आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. पहिली अशी, की ज्या ग्रंथालयांत त्यांनी आपले दिवस घालवले, ती त्या शहराची सर्वांत मोलाची ठेव होती आणि थोड्या पैशांच्या विद्यार्थ्यालाही ती मिळत होती. दुसरी अशी, की अर्धपोटी राहणे हा काही गुण नव्हे. त्यांच्यावर तशी वेळ आली होती, इतकेच. आज कुणा विद्यार्थ्याला ‘बाबासाहेब पापडावर राहिले, तूही राहा’ असा उपदेश आपण करू नये. त्यांना जे हाल सोसावे लागले, ते पुढच्यांना टळावेत म्हणून तर हिशेब शिकायचा.

तर आता हिशेबाकडे वळू. परक्या शहरात खर्चाची खाती चार : निवारा, प्रवास, पोट आणि पाहणे. आपल्याला वाटते की ‘पाहणे’ हेच सगळ्यांत महाग असेल. लंडनमध्ये बरेचसे उलट आहे. तिथे निवारा सर्वांत महाग आणि पाहण्यातले उत्तम ते पुष्कळसे फुकट.

ब्रिटिश म्युझियमचेच पाहा. पार्लमेंटच्या कायद्याने १७५३ साली त्याची स्थापना झाली आणि १७५९ साली ते लोकांना खुले झाले. कायमच्या दालनांना आजही तिकीट नाही. चित्रांची नॅशनल गॅलरी तशीच. ज्या सरकारी संग्रहालयांत मध्यंतरी तिकीट लावले होते, त्यांचेही दरवाजे २००१ च्या डिसेंबरपासून मोकळे झाले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, विज्ञानाचे संग्रहालय, निसर्गेतिहासाचे संग्रहालय, ही तीनही दक्षिण केन्सिंग्टन भागात एकमेकांच्या शेजारीच आहेत. खास प्रदर्शने भरतात त्यांना मात्र तिकीट असते.

दार फुकट असण्याचा आणखी एक फायदा आहे, बरं का. पैसे भरून आत गेलेला माणूस ते वसूल करायला सगळी दालने धावत पाहतो आणि संध्याकाळी पाय दुखण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. फुकट दारातून मात्र रोज तासभर जाता येते. एका दिवशी एकच दालन पाहावे, बसून टिपण करावे आणि बाहेर पडावे. विद्यार्थ्याला हीच पद्धत मानवते. ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडे असते, तेव्हा गर्दीही कमी असते.

आपल्या माणसाला या दालनांत ओळखीच्या खुणा भेटतात. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठ्या नकलाही त्याच संग्रहालयाकडे आहेत. मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत त्या काढल्या आणि लंडनला पाठवल्या. पुढे आगीत त्यांतल्या बऱ्याच नष्ट झाल्या. हा सगळा ठेवा इथून तिथे कसा गेला, हा प्रश्न विद्यार्थ्याने मनात ठेवूनच दालनात शिरावे. पाहण्याला त्यामुळे धार येते.

पाहण्यात उद्यानेही आली. प्रिमरोझ हिल नावाची एक टेकडी आहे. माथेरानच्या माणसाला ते टेकाडच वाटेल, उंची जेमतेम साठ-पासष्ट मीटर. पण तिथून सारे लंडन नजरेत येते. या टेकडीजवळच किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचे घर आहे. १९२१-२२ साली बाबासाहेब तिथे राहत होते, तशी निळी गोल पाटी भिंतीवर लावलेली आहे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले आणि तिथे स्मारक केले. तिथून ब्रिटिश म्युझियम सुमारे चार किलोमीटरवर आहे. नेरळहून डोंगर चढणाऱ्या पायांना ही तासाभराची सपाट वाट म्हणजे काहीच नाही.

आता निवारा. शहराच्या मध्यभागातली हॉटेले विद्यार्थ्याने विसरावीत. त्याच्यासाठी ‘यूथ होस्टेल’ ही सोय आहे, आणि ती एका शाळामास्तराच्या डोक्यातून निघाली हे आपल्या शिक्षकबांधवांना ऐकून आनंद होईल. रिचर्ड शिरमान हे जर्मनीतले शिक्षक १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळात सापडले. एका खेड्यातल्या शाळेत गवत अंथरून त्यांनी रात्र काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग प्रवासी मुलांना त्यांत आसरा का देऊ नये, असा विचार त्यांनी मांडला. त्यातून १९१२ साली आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिले कायमचे होस्टेल निघाले. इंग्लंडात १९३० साली या कामासाठी संस्था स्थापन झाली. अशा ठिकाणी एका खोलीत सहा-आठ खाटा, एकीवर एक, आणि सामाईक स्वयंपाकघर असते. भाडे खोलीचे नसून खाटेचे असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठांची वसतिगृहेही बाहेरच्यांना भाड्याने मिळतात. बाबासाहेब जिथे शिकले त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची वसतिगृहेही त्यांत आहेत. जागा मात्र काही महिने आधी राखून ठेवावी.

प्रवासाचे खाते आपल्या लोकलवाल्या मंडळींना चटकन समजेल. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ साली धावली. लंडनची भुयारी रेल्वे त्यानंतर दहा वर्षांनी, १८६३ साली सुरू झाली. हे सारे शहर कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या कड्यांत विभागले आहे आणि जितकी कडी ओलांडावी तितके भाडे चढते. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात या कामाच्या वेळांत रेल्वेचा दर जास्त असतो. तेव्हा विद्यार्थ्याने न्याहारी करून सावकाश निघावे. बस रेल्वेहून स्वस्त पडते आणि खिडकीतून शहरही दिसते. पहिल्या बसला कार्ड लावल्यापासून तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे वेगळे भाडे पडत नाही. शिवाय दिवसाच्या एकूण भाड्याला कमाल मर्यादा आहे. ती गाठली की पुढचा प्रवास फुकट. मात्र रोज तेच कार्ड वापरायला हवे. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. आपल्या बँकेचे कार्ड चालते, पण परदेशी व्यवहारावर बँक काय कापून घेते ते इथेच विचारून जावे. हीथ्रो विमानतळावरून जलद गाडी महाग पडते. पिकॅडिली मार्गाची भुयारी गाडी तासभर घेते, पण पुष्कळ स्वस्तात नेते.

पोटाच्या खात्यात स्वतःच्या हातचा स्वयंपाक सर्वांत किफायतशीर. तांदूळ, डाळ आणि भाजी तिथल्या बाजारात मिळते, आणि खिचडी करायला असे कितीसे कौशल्य लागते ? मोठ्या दुकानांतून संध्याकाळी त्या दिवशी संपवायचा माल उतरत्या भावात काढतात. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, तेव्हा बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. घरून मसाला आणि पापड न्यावेत, पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास तिथे बंदी आहे. म्हणजे आईने प्रेमाने दिलेले तूप आणि पेढे विमानतळावरच ठेवावे लागतील. एका पौंडाला आज शंभराहून अधिक रुपये पडतात. प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत मोजत बसले तर घास घशाखाली उतरत नाही. त्यापेक्षा दिवसाची रक्कम पौंडांत ठरवावी आणि रात्री वहीत जमाखर्च लिहावा.

ऋतूही पैशात मोजता येतो. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. जून महिन्यात रात्री नऊनंतरही उजेड असतो. एका दिवसाचा निवारा दोन्हीकडे एकच, पण जूनमध्ये पाहायला दुप्पट दिवस मिळतो. मात्र त्या दिवसांत खाटेचे भाडे चढते. मे किंवा सप्टेंबर हा त्यातला मध्यम मार्ग.

कागदपत्रांविषयी एकच सांगतो. जर्मनी, फ्रान्स वगैरे देशांना मिळून एक व्हिसा चालतो. ब्रिटनला तो चालत नाही आणि ब्रिटनचा तिकडे चालत नाही. जर्मनीत शिकणाऱ्या मुलाने ‘आता लंडन जवळच आहे’ असे समजून तिकीट काढले तर तिकिटाचे पैसे वाया जातील. आधी व्हिसा, मग तिकीट.

असा हा हिशेब. काटकसरीने लंडन पाहता येते, पण काटकसर कुणाला लंडनपर्यंत पोचवत नाही. शिष्यवृत्ती संपताच बाबासाहेबांना परतावे लागले, आणि पुन्हा जाता आले ते साठवलेली कमाई, महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज एकत्र आले तेव्हा. शाहू महाराजांच्याच नावाने महाराष्ट्र शासन आज अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही तशी योजना आहे. आपल्या कर्जत-खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरच्या मुलांपर्यंत ही माहिती पोचवण्याचे काम शाळेइतके चांगले दुसरे कोण करील ?

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सूचना. नववी-दहावीच्या वर्गात लंडनचा नकाशा लावा, मुलांना ठरावीक रक्कम मनाने द्या आणि तीन दिवसांचा बेत आखायला सांगा. कुठे उतरायचे, कोणती बस धरायची, काय शिजवायचे, काय पाहायचे, सगळे पौंडांत आणि रुपयांत मांडायला लावा. त्यात भूगोल आहे, गणित आहे आणि इतिहासही आहे. या मुलांपैकी एखादे पुढे खरोखर जाईल, तेव्हा हीथ्रोला उतरल्यावर पिकॅडिलीची गाडी कुठून धरायची हे त्याला आधीच ठाऊक असेल.