गायकवृंदाचे धुरीण

समलिंगी पुरुषांच्या ‘सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरस’ची स्थापना १९७८ साली जॉन सिम्स या संगीतशिक्षकांनी केली, आणि तालमी जेमतेम सुरू झाल्या असतानाच, २७ नोव्हेंबर रोजी नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क व महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची हत्या झाली, तेव्हा त्याच रात्री, मेणबत्त्या घेऊन जमलेल्या शोकाकुल समुदायासमोर, नगरभवनाच्या पायऱ्यांवर या वृंदाने मेंडेल्सनची प्रार्थना गाऊन आपले प्रथम जाहीर गायन केले. सिम्स १९८४ मध्ये एड्सने निवर्तले. त्याच रोगाने शेकडो गायक हिरावून नेले असताही वृंद अभंग राखणे, हेच माझ्या मते त्याच्या धुरीणांचे सर्वांत थोर कार्य होय. २००० ते २०१० या काळात संचालनाची सूत्रे कॅथलीन मॅग्वायर या ऑस्ट्रेलियन विदुषींकडे होती. पुढे टिम सीलिग आले, आणि २०२२ साली ही सूत्रे जेकब स्टेन्सबर्ग यांनी स्वीकारली.