फुकटचं पॅलेट घरात घेण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर.

आज सेनगावातून बोलतोय, आणि विषय आहे लाकडी पॅलेट. खताच्या दुकानात, गोदामात पोत्यांना खालून ओल लागू नये म्हणून जी फळ्यांची चौकट ठेवतात ना, तीच.

मोबाइलवर व्हिडिओ बघून मलाही वाटलं, दोन पॅलेट जोडली की दिवाण तयार. हिशोबही जमतो. पॅलेटचं एक नेहमीचं माप १२०० बाय १००० मिलिमीटर. दोन शेजारी लावली की साधारण साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद. ओळखीच्या दुकानदाराने दोन जुनी पॅलेट फुकट दिली. घासली, पॉलिश मारलं, वर गादी टाकली. माझी चार वर्षांची पुतणी त्यावर झोपायला लागली.

मग पाऊस सुरू झाला. हवा दमट झाली आणि आई म्हणाली, "आरं, ह्या दिवाणाला फवारणीचा वास कामून यायलाय?"

गादी उचलली. एका फळीवर तळहाताएवढा काळपट डाग. पॉलिश मारताना मला तो दिसला होता, पण मी झाकून टाकला. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, हो, त्यावर एकदा औषधाचा डबा गळला होता. लाकूड म्हणजे काच नाही. सांडलेलं आत मुरतं, धुऊन जात नाही. आणि घासलं की त्याची धूळ होऊन नाकात जाते. मी तर तोंडाला रुमालही बांधला नव्हता. पुतणीला काही झालं नाही, नशीब आमचं. दिवाण त्याच दिवशी बाहेर काढला.

तेव्हापासून मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला: यावर काय ठेवलं होतं? देणाऱ्याला सरळ विचारा. डाग, तेलकटपणा, उग्र वास, यातलं एक जरी असलं तरी नको. शंका असली तरी नको.

दुसरा: शिक्का काय सांगतो? परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाचं अक्षरी नाव (भारताचं 'आयएन') आणि उपचाराची अक्षरं असतात. लाकडातून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून २००२ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा हा शिक्का. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलंय. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलीय; असलं लाकूड घरात आणू नका. पण नीट ऐका: शिक्का फक्त किडीवरचा उपचार सांगतो, नंतर त्यावर काय सांडलं ते सांगत नाही. म्हणून 'एचटी' दिसलं तरी पहिला प्रश्न सुटत नाही. शिक्काच नसेल तर ते बहुतेक देशातल्या देशात फिरलेलं असतं. तिथे तर पहिल्याच प्रश्नावर सगळी भिस्त.

तिसरा: हे कुठे लावणार? आपल्याकडे जुनं लाकूड वापरणं नवीन नाही. माळवद उतरवलं की त्याच्या तुळया, दारं, चौकटी दुसऱ्या घरात जायच्या. पण ते बरेचदा सागवान असायचं. पॅलेट बहुधा हलक्या, स्वस्त लाकडाचं असतं. त्यावर छताचा, माळ्याचा भार टाकू नका. चपलांचं स्टँड, कांद्याची मांडणी, कुंड्यांचा कट्टा, याला ते झकास. तापवलेल्या लाकडालाही पुढे वाळवी लागतेच, म्हणून खाली विटा द्या, मातीला टेकू देऊ नका.

आता सोडवायचं कसं? पहार घालून ओढलं की फळी चिरते, कारण खिळे बऱ्याचदा पिळाचे असतात. त्यापेक्षा फळी आणि खालच्या आडव्या लाकडाच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळाच कापा. राहिलेली टोकं जंबुराने ओढा किंवा ठोकून आत घाला. घासताना मास्क लावा, आणि हे काम अंगणात करा, लेकरं लांब ठेवून.

शेवटचं, आणि हे घरच्यांनाही ऐकवा. डागाळलेले तुकडे चुलीत किंवा अंघोळीचं पाणी तापवायला जाळू नका. लाकडात मुरलेलं औषध धुरातून घरभर होतं. आमच्याकडे आईने ते तुकडे सरपणात ठेवलेच होते. मी वेळेवर बघितलं म्हणून बरं.

ती दोन पॅलेट मी दुकानदाराला परत दिली. आता ती पुन्हा खताच्या पोत्यांखाली आहेत, आणि तिथेच ठीक आहेत. दुसरीकडून कोरं, 'एचटी' शिक्क्याचं एक आणलं. त्याची पुतणीसाठी पुस्तकांची मांडणी केली. तिने आधी वास घेऊन बघितला, मग पुस्तकं ठेवली.

तुमच्या घरी पॅलेटचं काही केलं असेल तर आज एकदा गादी उचलून बघा. भेटू पुढच्या भागात.