रोपाआधी पोहोचणारा दाखला



स्ट्रॉबेरी म्हणजे काय, हे पाचगणीच्या श्रोत्यांना सांगावयास नको. परंतु या फळाचे मूळ रोप पुष्कळदा समुद्रापलीकडून आलेले असते, हे फळ विकत घेणाऱ्याच्या ध्यानी क्वचितच येते. शेतकरी ज्यांना ‘मदर प्लांट’ म्हणतात ती रोपे अमेरिका, इटली अशा देशांतून मागवितात. वाईकडच्या रोपवाटिकांत त्यांच्या फुटव्यांपासून नवी रोपे तयार होतात आणि पाऊस ओसरला की ती आपल्या पठारावर लागतात.

मात्र परदेशी रोप एकटेच येईल असे नाही. मुळाशी सूत्रकृमी, पानाखाली कीड, रसात विषाणू असू शकतो. अशा पाहुण्याची किंमत आपण मोजलेली आहे. गाजरगवत पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आले. ते परदेशी गव्हाबरोबर आले, असे सामान्यतः मानतात. आज ते ओळखत नाही असा शेतकरी विरळाच!

हे टाळण्यासाठी आपल्याकडे १९१४ पासून कायदा आहे. सध्याचे नियम २००३ च्या आदेशाचे. माल निघण्यापूर्वी आयातीचा परवाना, निघताना त्या देशाचा वनस्पती-आरोग्याचा दाखला आणि येथे उतरल्यावर तपासणी, अशा या तीन पायऱ्या आहेत.

अडचण होती ती कागदाची. दाखला मालाबरोबर येई. त्यातली चूक माल बंदरात उभा राहिल्यावर कळे. धान्य थांबू शकते, पण पेटीतले जिवंत रोप किती थांबणार? अडवावे तर रोप मरते, घाई करावी तर कीड आत शिरते.

संगणकाने हा पेच पुष्कळसा सैल केला आहे. १ एप्रिल २०१६ पासून आपल्या सीमाशुल्क खात्याने ‘एक खिडकी’ पद्धत आणली. आयातदार एकच निवेदन भरतो. ते वनस्पती-संगरोध, अन्नसुरक्षा आदी संबंधित खात्यांपर्यंत पोहोचते. कोणत्या मालात धोका अधिक, हे पाहून तपासणी ठरविता येते. शिवाय १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती-संरक्षण कराराखाली एका सरकारने दुसऱ्या सरकारला दाखला थेट संगणकावरून पाठविण्याचीही सोय झाली आहे. असा दाखला रोपाआधी पोहोचतो, चूक आधीच सापडते आणि बनावट कागद खपविणे कठीण जाते.

परंतु एक गोष्ट विसरू नये. संगणक कोठे पाहावे ते सांगतो. पाहावे मात्र माणसालाच लागते. त्याचा अंदाज मागच्या नोंदींवर चालतो, आणि नव्या किडीची मागची नोंद नसते. म्हणून टेबलावर वाचलेला वेळ सूक्ष्मदर्शकापाशी खर्च झाला पाहिजे. तो नुसता माल लवकर सोडण्यात गेला, तर व्यापार वेगाने होईल खरा, पण त्याची भरपाई पठारावरच्या शेतकऱ्याला आपल्या वाफ्यातून करावी लागेल.