थोरल्याचे ताट

आमच्या घरी एक वादळ आहे. वय पावणेदोन वर्षे. सकाळी उठले की आधी कोंबड्यांच्या मागे धावते. मग आमचा चष्मा. मग पिठाचा डबा. काल चुलीतली राख अंगाला फासून दारात उभे राहिले. पोस्टमन म्हणाला, "मास्तर, तुमच्याकडे गोसावी आलाय वाटतं!"

हा आमचा नातू.

सूनबाईला आता पुन्हा दिवस गेले आहेत. पाचवा महिना चालू आहे. पोर पळते आणि तिला पळवत नाही. दुपारी जरा आडवी झाली की हा पोटावर येऊन बसतो. मग ती हाक मारते, "मामंजी, ह्याला जरा घ्या ना." आम्ही घेतो. पेन्शनीत निघालेल्या माणसाला दुसरे काम काय?

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हेच चालले असेल. एक अंगणात, एक पोटात. अशा वेळी घरातले सगळे पोटातल्याची काळजी करतात. ती केलीच पाहिजे. पण अंगणातल्याचे काय? आज आपण त्याच्याविषयी बोलू.

आम्ही डॉक्टर नव्हे. पण पस्तीस वर्षे शाळेत पोरे पाहिली. आणि एक चूक स्वतः केली. ती आधी सांगतो.

गोष्ट १९८४ सालची. आमची थोरली लेक तेव्हा दीड वर्षाची होती. अशीच नाचरी. घरात दुसऱ्याची चाहूल लागली. शेजारच्या बाया म्हणाल्या, "पोटुशीचं दूध पोराला बाधतं. तोडा आजच्या आज." आम्ही शिकलेले, पण आम्हीही मान डोलावली. आईने छातीला कोरफडीचा कडू रस लावला. पोर तोंड लावी, थुंकी आणि रडे. दोन रात्री घर झोपले नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही तिला आजोळी नेऊन सोडले. म्हटले, आईला विसावा मिळेल.

आजीची माया होती. पण पोर काही खाईना. मग आजी तांदळाची पेज पाजी आणि चहात बुडवून बटर देई. मध्येच जुलाब झाले. तीन महिन्यांनी आम्ही न्यायला गेलो. आजी कौतुकाने म्हणाली, "बघा, पाय कसे गुटगुटीत झालेत."

पोर आमच्याकडे धावत आली नाही. हसली नाही. केस तांबूस झाले होते. दंड काटकीसारखे आणि पाय मात्र जाड. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिच्या दोन्ही पायांवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तर खळगा तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, हे बाळसं नव्हे. ही सूज आहे. आणखी पंधरा दिवस थांबला असता, तर..." पुढचे ते बोलले नाहीत. आम्हीही विचारले नाही.

लेक वाचली. आज ती दोन लेकरांची आई आहे. पण तो खळगा आम्हाला अजून दिसतो.

ह्या दुखण्याला मोठे विचित्र नाव आहे. क्वाशिओरकोर. जिभेला वळत नाही, नाही का? हा शब्द आफ्रिकेतला आहे. तिथे आज घाना नावाचा देश आहे. पूर्वी तिथे इंग्रजांचे राज्य होते आणि त्या मुलखाला गोल्ड कोस्ट म्हणत. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाई तिथे काम करीत. सुजलेले पाय, तांबूस केस, सोललेली कातडी अशी पोरे त्यांच्याकडे येत. त्यातली पुष्कळ दगावत. बाईंनी चौकशी केली. आयांनी मक्याची पेज दाखवली. पोरांच्या पोटात दुसरे फारसे काही जात नव्हते. बाईंनी १९३३ साली ह्या दुखण्यावर लेख लिहिला. १९३५ साली दुसरा लेख लिहून तिथल्या गा भाषेतले हे नाव जगाला कळवले.

त्या नावाचा अर्थ काय? धाकटे जन्मले म्हणून जागेवरून उठवलेल्या पोराचे दुखणे. गादीवरून राजा उतरवावा तसे पोर मांडीवरून उतरवलेले. अक्षराची ओळख नसलेल्या आयांनी दुखणे कुठून सुरू होते ते नेमके हेरले होते. आपल्याकडेही म्हाताऱ्या बाया म्हणत, "धाकट्याच्या पायी थोरलं वाळलं." त्यांना दिसत होते. उपाय मात्र कोणी सांगितला नव्हता.

आता समजून घ्या. धाकटे पोटात आले, हा काही रोग नव्हे. दूध एकाएकी तुटते. त्याच्या जागी पातळ पेज नाहीतर चहा येतो. पोर खंगते, मग जुलाब आणि ताप त्याला गाठतात. सगळे मिळून घात करतात.

मग पोटुशीचे दूध बाधते का? नाही. ते नासत नाही, विषारी होत नाही. दिवस वाढतात तसे ते कमी होते आणि चव थोडी बदलते, इतकेच. काही पोरे त्यामुळे आपणच सोडतात. आई निरोगी असेल आणि सगळे सुरळीत असेल, तर अंगावर पाजल्याने पोटातल्यालाही धोका नसतो. मात्र पूर्वी गर्भ पडला असेल, दिवस भरण्याआधी बाळंतपण झाले असेल, जुळे असेल, रक्त जात असेल किंवा पोटात कळा येत असतील, तर डॉक्टरांना विचारूनच पाजावे. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालावे, असे जाणते सांगतात. तोडायचेच झाले तर हळूहळू तोडा. आधी दुपारचे बंद करा. आठवड्याने संध्याकाळचे. रात्रीचे सर्वांत शेवटी. कोरफड नको, कडुनिंब नको.

आणि दूध कमी झाले की ताट वाढले पाहिजे. हा ह्या पाठातला मुख्य मुद्दा. वर्षावरच्या लेकराला दिवसातून तीन-चार वेळा जेवण हवे. मध्ये एक-दोनदा काहीतरी खाऊ. त्याचे पोट लहान, एका वेळी त्यात फार मावत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा द्यायचे.

काय द्यायचे? घरात आहे तेच. भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करावी. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी करून वर चमचाभर तेल किंवा तूप घालावे. उकडलेले अंडे. केळे. भाजीत शेंगदाण्याचे कूट. कूट म्हणतो आम्ही, अख्खे दाणे नव्हेत! अख्खा दाणा किंवा फुटाणा श्वासनळीत अडकतो. चहाने भूक मरते, पोषण काही होत नाही. आणि त्याची थाळी वेगळी ठेवा. मोठ्यांच्या ताटात जेवणारे पोर किती जेवले ते कोणालाच कळत नाही. आमच्या नातवाची पितळी वाटी वेगळी आहे. ती दोनदा विहिरीच्या काठावरून परत आणली, पण आहे.

अंगणवाडीत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी घरी नेण्याचा शिधा मिळतो. गरोदर बाईसाठीही मिळतो. तो ज्याचा त्याच्या पोटात जावा. काही घरी तो सगळ्यांच्या चहाबरोबर संपतो. आम्ही पाहिले आहे, म्हणून लिहितो. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करा. तिथे दंड मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर पट्टी लाल दाखवते. तसे झाले किंवा दोन्ही पाय सुजले, तर घरी उपचार करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता आईकडे वळू. तिला दोन जिवांचे खायचे आहे आणि तिसऱ्यामागे धावायचे आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, अशा निदान १८० गोळ्या तिने घ्यायच्या. शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये. गोळीवर लगेच चहा पिऊ नये, लिंबूपाणी चालते. उचलून घेण्याचा हट्ट पोर करणारच. आईने उभ्याने वाकून उचलू नये. खाली बसावे आणि त्याला कुशीत चढू द्यावे. पोराला कडेवर हवी असते माया. ती बसूनही देता येते.

रक्त गेले, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज आली किंवा पोटातले बाळ हलायचे कमी झाले, तर वाट पाहू नये. १०२ किंवा १०८ वर फोन करून गाडी बोलवावी. आईला नेले तर थोरल्याला कोण सांभाळील, हे आजच ठरवून ठेवा. आमच्या गावी एक बाई केवळ ह्याच विवंचनेत सकाळपर्यंत थांबली होती.

दमलेल्या आईचा डोळा लागतो, तेव्हा नाचरे पोर काय काय करील सांगता येत नाही. पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवू नका. वीतभर पाण्यातही लेकरू बुडते. हौदाला झाकण हवे, चुलीला आडोसा हवा. फवारणीचे औषध आणि रॉकेल उंचावर, कुलपात. आणि आईच्या लोहाच्या गोळ्यासुद्धा! पोराला त्या गोड खाऊ वाटतात. जास्त पोटात गेल्या तर जिवावर बेतते.

एक गोष्ट मात्र औषधाने बरी होत नाही. ती आपल्या जिभेची आहे. आल्यागेल्याला पोराची थट्टा करायची मोठी हौस. "आता काय, आई तुझी राहिली नाही." "बाळ आलं की तुला बाजारात विकणार." पोर ऐकते. त्याला थट्टा कळत नाही, विकणे कळते. आमच्या ओसरीवर असे कोणी बोलले तर आम्ही सरळ सांगतो, "पाहुणे, चहा घ्या, पण हे बोलू नका."

बाळ आल्यावर थोरले पुन्हा अंथरुणात मुतेल. अंगठा चोखेल. बाळाला चिमटेही काढील. मारू नका. त्याला भीती वाटते, तो वाईट नव्हे. त्याला लहानशी कामे सांगा, दुपटे आण, पावडर दे. पण तान्ह्याजवळ त्याला एकटे सोडू नका. मायेने मिठी मारील आणि श्वास कोंडील.

आणि बापाने काय करायचे? थोरल्याची आंघोळ, एक जेवण आणि रात्रीची निज, ही तीन कामे बापाने आतापासून अंगावर घ्यावी. बाळंतपणाच्या दिवशी एकदम घेतली, तर पोर म्हणते, बाळाने आईला नेले. चार महिने आधी घेतली, तर त्याला बापाची सवय लागलेली असते. "बाईमाणसाचं काम" म्हणून हसणारे हसतील. १९८४ साली आम्हीही हसलो असतो.

जाता जाता एक सांगायचे राहिले. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहायला निदान दोन वर्षे जाऊ द्यावी. म्हणजे थोरल्याचे दूधही पुरे होते आणि आईच्या अंगात रक्तही भरते. त्यासाठी तांबी आहे, गोळ्या आहेत, तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आहे. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. आशाताईला विचारायला लाज कसली?

आमच्या घरी मुलगा आता नातवाला आंघोळ घालतो. निम्मे पाणी मुलाच्याच अंगावर जाते. रात्रीची निज आमच्याकडे आली आहे. पहिल्या रात्री नातू तीनदा उठून आईकडे गेला. तिने जवळ घेतले, थोपटले आणि परत आणून निजवला. दुसऱ्या रात्री दोनदा. काल मात्र आमच्या मिशीला धरून सकाळपर्यंत झोपला. चष्मा अजून सापडलेला नाही.