तलाव बुजवण्याआधी शंभर वर्षांचा हिशेब

रायपूरच्या बूढापाऱ्याला लागून असलेला बूढा तलाव परंपरेने कलचुरी राजवटीतला, म्हणजे साधारण सहाशे वर्षांपूर्वीचा मानतात. कागदोपत्री तो आता विवेकानंद सरोवर आहे, कारण 1877 ते 1879 या काळात लहानगा नरेंद्र याच वस्तीत राहिला होता. मराठी माणसाला हा भाग परका नाही. माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आणि तिचे मैदान इथलेच, आणि तात्यापाराही हाकेच्या अंतरावर. या सहा शतकांत तलावाभोवतीचे सगळे बदलले. कलचुरी गेले, 1758 पासून बिंबाजी भोसल्यांचा अंमल आला, 1818 मध्ये कर्नल ॲग्न्यूने छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले, 1892 मध्ये नळाचे पाणी आले आणि 1 नोव्हेंबर 2000 रोजी हे शहर एका नव्या राज्याची राजधानी झाले. प्रत्येक टप्प्यावर तलावाचे काम निराळे होते. कधी तो पिण्यासाठी लागला, कधी अंघोळीला आणि गुरांना, कधी विसर्जनाला. आज लोक त्याच्या काठाने फिरायला जातात. तो खोदणाऱ्याला यातले पुढचे काहीही ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही ते काम टिकले आणि उपयोगी पडत राहिले. शहराच्या दूरच्या भविष्याचे नियोजन कसे करावे, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या गोष्टीत आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे नियोजन म्हणजे आकडा गाठणे असा समज आहे. अमुक सालात लोकसंख्या किती होईल याचा अंदाज बांधायचा, त्याला दरडोई पाणी, रस्ते आणि घरे यांनी गुणायचे, आणि आलेले उत्तर रंगीत नकाशावर मांडायचे. साधारण वीस वर्षांची विकास योजना अशीच तयार होते. रायपूरने हे गणित किती वेळा मोडले ते पाहा. 1970 च्या दशकातल्या कोणत्याही नियोजनकाराला 2000 मधली राजधानी दिसणे शक्य नव्हते. 2001 च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे 6 लाख लोक होते. 2011 मध्ये ते 10 लाखांवर गेले, त्यात काही वाटा हद्दवाढीचा. उलट बाजूला, वीसेक किलोमीटरवर आखीवरेखीव उभारलेले नवा रायपूर. मंत्रालय 2012 मध्ये तिकडे गेले, रुंद रस्ते झाले, पण माणसे योजनेच्या वेगाने आली नाहीत. एकाच जिल्ह्यात एक शहर अंदाजाच्या पुढे धावले आणि दुसरे मागे राहिले. त्यात 2021 ची जनगणना झालीच नाही. पुढची 2027 मध्ये व्हायची आहे. म्हणजे रायपूरची 2031 ची विकास योजना ज्या पायावर उभी आहे, ती मोजणी 2011 ची आहे. यात नियोजनकारांना दोष देण्यात अर्थ नाही. वीस वर्षांपलीकडचे शहर वर्तवता येत नाही, इतके मान्य केले तरी पुरे.

भविष्य-अभ्यास नावाची विद्याशाखा नेमकी इथून सुरू होते. नाव ऐकून ज्योतिषाची आठवण येते, पण तिचे गांभीर्याने काम करणारे लोक भाकीत टाळतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शेल या तेल कंपनीत पियर वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलाच्या भावाचा एकच अंदाज देण्याऐवजी, एकमेकांशी न जुळणारी पण शक्य कोटीतली अनेक भविष्ये व्यवस्थापनासमोर ठेवली. 1973 मध्ये तेलसंकट आले तेव्हा ती शक्यता त्यांच्या विचारात आधीच होती. याच सुमारास, 1974 मध्ये, अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो आणि अँथनी फिशर यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे फ्रान्सच्या क्लोद आँरी यांनी एक साधा पण दूरगामी निष्कर्ष गणिताने मांडला. पुढे माहिती वाढणार असेल आणि एखादा निर्णय परत फिरवता येणारा नसेल, तर तो आज न घेण्यालाच स्वतंत्र किंमत असते. नफा-तोट्याच्या नेहमीच्या ताळेबंदात ही किंमत दिसत नाही, म्हणून तसा ताळेबंद अपरिवर्तनीय निर्णयाकडे झुकलेला असतो. तलाव ठेवला तर उद्या कधीही बुजवता येतो. बुजवून इमारती उभ्या केल्या, भूखंडांचे मालक झाले, की तो परत आणता येत नाही. रायपुरात राजबंधा हे नाव आज एका मैदानाचे आहे. मुंबईत धोबी तलाव आणि गोवालिया टँक ही नावे उरली, पाणी गेले.

हा युक्तिवाद हवेत राहू नये म्हणून थोडी आकडेमोड. रायपूरला वर्षाला सरासरी 1,200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एक हेक्टरवर पडणारे हे पाणी 12 हजार घनमीटर, म्हणजे 1 कोटी 20 लाख लिटर होते. शहरी पाणीपुरवठ्याचा दरडोई 135 लिटरचा निकष लावला तर ते 240 माणसांची वर्षभराची गरज भागवण्याइतके आहे. पण खरा कस लागतो तो एका रात्रीच्या पावसात. एक चौरस किलोमीटर वस्तीवर 100 मिलिमीटर पाऊस झाला तर 10 कोटी लिटर पाणी उतरते. माती आणि झाडे असतील तर त्यातला बराच भाग मुरतो. काँक्रीट असेल तर बहुतेक सगळे वाहू लागते, आणि तेही तासाभरात. दहा हेक्टरांच्या तलावात काठापर्यंत एक मीटर जागा रिकामी असली तर ते सगळेच्या सगळे त्यात मावते. तेवढ्या क्षमतेची भूमिगत टाकी बांधायला निघालात तर कोणत्याही महापालिकेचे डोळे पांढरे होतील. नागपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. तलाव असून भागत नाही. येव्याची वाट, रिकामी क्षमता आणि सांडव्यापुढची मोकळी जागा हे तिन्ही शाबूत लागते. विकास योजनेचा नकाशा मात्र तलावाचा निळा ठिपका दाखवतो आणि त्याला पाणी आणणारे नाले सहसा विसरतो.

मग जपलेले तलाव का बिघडले? इथे 1892 हे साल महत्त्वाचे आहे. नांदगावचे राजे बलरामदास यांच्या देणगीतून त्या वर्षी खारून नदीचे पाणी रायपूरला आले आणि त्या योजनेला त्यांचेच नाव मिळाले. काम लोकोपयोगी होते, त्याने रोगराईही कमी झाली असणार. पण पिण्याचे पाणी नळाने येऊ लागले की तलावाच्या शुद्धतेशी घरोघरचा संबंध संपतो. मुंबईत 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी आल्यावर हेच झाले होते. दुर्लक्षित तलाव आणि विहिरी पुढे हिवतापाचे कारण ठरल्या आणि बुजवल्या गेल्या. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांची कथा थोडी निराळी, पण शेवट तोच. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, हे न्याय्यच झाले. तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले, आणि गाळ काढणे हे नेमके कोणाचे काम, हा प्रश्न अधांतरी राहिला. जुन्या मध्य प्रांतात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या नोंदींत कोणत्या पाण्यावर कोणाचा कोणता हक्क हे लिहिलेले असे. छत्तीसगडच्या गावांत ‘निस्तारी’ हा शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे. शहराची हद्द वाढते तेव्हा गाव नकाशावरून पुसले जाते आणि व्यवहारात त्या नोंदींनाही वाली उरत नाही.

आता आक्षेप. पहिला सगळ्यात चतुर आहे: टिकलेला तलाव दाखवून पूर्वजांची स्तुती करणे सोपे; फुटलेले, आटलेले, वाया गेलेले तलाव कोण मोजतो? खरे आहे. छत्तीसगडात मोठ्या गावाचे वैभव सांगताना ‘छै आगर छै कोरी’ म्हणजे 126 तलाव होते असे म्हणण्याची रीत आहे, आणि त्यातले कित्येक निकामी ठरले असतील. पण त्या जुन्या व्यवस्थेचे शहाणपण एकेका तलावापेक्षा त्यांच्या संख्येत आहे. एक गेला तरी दुसरा सावरून घेई. आजचे रायपूर खारूनवर आणि तिच्यात महानदीवरच्या गंगरेल धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर जगते. हे मोठे आणि कार्यक्षम आहे, पण एकाच दोरीवर लटकलेले आहे.

दुसरा आक्षेप डासांचा आणि दुर्गंधीचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास प्रामुख्याने घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि क्युलेक्स सांडपाण्यात. तेव्हा दोष पाण्याचा कमी आणि तलावात सोडलेल्या गटाराचा जास्त. पॅट्रिक गेडिस यांनी 1915 च्या सुमारास भारतीय शहरांवरच्या आपल्या अहवालांत हिवतापाच्या भीतीने तलाव बुजवण्याला विरोध केला होता. डासांच्या अळ्यांसाठी त्यांनी मासे आणि बदके सुचवली. पुढे, 1919 मध्ये, ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचा तो सल्ला मात्र मुंबईने फारसा मनावर घेतला नाही.

तिसरा आक्षेप अभियंत्यांचा असतो: उघड्या तलावातून वर्षाला दीड मीटरहून अधिक पाणी उडून जाते आणि गाळाने तळ बसला की जिरतेही थोडेच. दोन्ही बरोबर आहे, आणि तलाव म्हणजे भूजलाचे यंत्र असे सांगणाऱ्या उत्साही मंडळींनी हे ऐकले पाहिजे. पण वाफ सगळी वाया जात नाही. उन्हाळ्यातल्या एका दिवसात एक हेक्टरवरून 5 मिलिमीटर पाणी उडाले तर 50 टन पाण्याची वाफ होते आणि तिच्यासाठी सुमारे 34 हजार युनिट विजेइतकी उष्णता खर्ची पडते. दमट रात्री तलाव थोडी ऊबही सोडतो, हेही सांगायला हवे. तरी 45 अंशांच्या मे महिन्यात शहराच्या मधोमध इतकी उष्णता गिळणारी दुसरी सोय इतक्या स्वस्तात मिळणार नाही.

उरतो तो सगळ्यात वजनदार आक्षेप. आज डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाने 2100 सालच्या रायपूरसाठी जागा का सोडावी? याला भावनिक उत्तर देऊ नये. पन्नास वर्षांनंतर मिळणाऱ्या 100 रुपयांच्या लाभाची आजची किंमत 8 टक्के दराने काढली तर जेमतेम 2 रुपये येते. 3 टक्क्यांनी 23 रुपये. म्हणजे पुढची पिढी ताळेबंदात दिसेल की नाही, हे एका दराच्या निवडीवर ठरते, आणि ती निवड राजकीय आहे. शिवाय गरिबांची घरे विरुद्ध तलाव, ही मांडणीच मला संशयास्पद वाटते. बुजवलेल्या तलावांवर बाजार, संकुले आणि कार्यालये अधिक उभी राहतात. आणि पूर येतो तेव्हा पहिली बुडते ती सखल भागातली वस्ती. तिथे राहणारा माणूस श्रीमंत नसतो.

मार्ग काय, हे लंडनच्या थेम्स खाडीसाठी 2012 मध्ये मंजूर झालेल्या ‘टीई 2100’ योजनेत पाहायला मिळते. समुद्र किती वर येईल याचा एकच आकडा तिथे धरला नाही. पाणी अमुक पातळीला आले की अमुक काम हाती घ्यायचे, अशी पायऱ्यापायऱ्यांची आखणी केली, दर काही वर्षांनी मोजमाप ठेवले, आणि पुढच्या पायरीला लागणारी जमीन आजच राखून ठेवली. रायपूरला एवढा खर्च नको. तलावाचे क्षेत्र, पाळ, येव्याचे नाले आणि सांडव्याची वाट खसरा क्रमांकासह विकास योजनेच्या वेगळ्या परिशिष्टात नोंदवावी. त्यातला कोणताही बदल साध्या फेरबदलाच्या प्रक्रियेने होऊ नये. आणि गाळ, सांडपाणी, पातळी यांची जबाबदारी पदनामासह लिहावी. 2001 च्या हिंचलाल तिवारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तलावाची जमीन सार्वजनिक हिताची मानून ती घरांसाठी देण्याला नकार दिला; कायद्याचा आधार त्यामुळे तयार आहे. 2016 मध्ये रायपूर स्मार्ट सिटी योजनेत आले, सुशोभीकरण झाले, कारंजी आली. काठ सजवणे वाईट नाही, पण कारंज्याला येवा नसतो.

2031 नंतरच्या विकास योजनेचा मसुदा या दशकातच आकार घेईल. 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमानुसार तो प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती आणि सूचना देण्यासाठी तीस दिवस मिळतात. बूढापाऱ्यातल्या रहिवाशांनी त्या तीस दिवसांत नकाशावर निळा ठिपका आहे का एवढेच पाहू नये. त्यात पाणी कुठून येते आणि कुठे जाते याच्या रेषा दाखवल्या आहेत का ते पाहावे, आणि नसतील तर लेखी हरकत नोंदवावी.